मँचेस्टरचं ऑफिस आणि आपलं मँचेस्टर

मंडळी, आज पाण्याची योजना नाही, खड्डे नाहीत, महापालिकाही नाही. आज रोबोटच्या स्पर्धेबद्दल लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, कारण विषय इचलकरंजीचाच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली चार पोरं पुण्याला एका शालेय रोबोट स्पर्धेला गेली. सगळी आठवी-नववीची. त्यातल्या एकीचे वडील यंत्रमागावर जॉबर आहेत. त्यांच्याच दुरुस्तीच्या टेबलावर रोबोट जुळवला होता. बातमी होईल म्हणून मीही सोबत गेलो. रात्रीची एसटी, मांडीवर रोबोटची पेटी, पहाटे स्वारगेट.

तपासणीच्या टेबलावर पहिला धक्का बसला. रोबोट ठरलेल्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर लांब! नियमात दुरुस्ती झाली होती. चार दिवस आधी ती इंग्रजीतून वेबसाइटवर टाकली होती. आमच्याकडं कुणी बघितलीच नव्हती. शेजारच्या पुण्याच्या टीमला मात्र सगळं माहीत होतं. त्यांचे सर अगदी साधेपणानं म्हणाले, "आम्ही शनिवारी ऑफिसात जाऊन विचारून आलो. तिथल्या मैदानावर दोनदा चालवूनही बघितला."

यात त्या पोरांची काही चूक नाही, सरांचीही नाही. कुणी वशिला लावला नव्हता. ऑफिस जवळ होतं, ते गेले.

आमच्या जॉबरनं पिशवीतनं ब्लेड काढलं आणि तिथंच पट्टी कापली. रोबोट पास झाला, पण पट्टी कापल्यावर एक चाक वाकडं चालायला लागलं. दुसऱ्या फेरीत आम्ही बाहेर. येताना कराडच्या पुढं जॉबर म्हणाला, "त्यांचं हपिस हातकणंगल्याला असतं, तर मीबी शनिवारी जाऊन आलो असतो की."

तेव्हापासून हेच वाक्य डोक्यात आहे. स्पर्धेचं मुख्यालय कुठं असावं, या प्रश्नाचा आपण कधी विचारच करत नाही. बक्षीस कुणी दिलं, पाहुणे कोण आले, एवढंच आम्ही पत्रकारही छापतो. पण नियम मुख्यालयात ठरतात, पंच तिथं तयार होतात, सरावाचं मैदान तिथं असतं. वर्षभर कुणाला सहज आत जाता येतं, ते ऑफिसच्या पत्त्यावर ठरतं.

आता एक गंमत बघा. शाळकरी रोबोटच्या जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्पर्धांपैकी एक म्हणजे अमेरिकेतली 'फर्स्ट'. 1989 साली डीन केमेन यांनी ही संस्था काढली. तिचं मुख्यालय न्यूयॉर्कला नाही, कॅलिफोर्नियातही नाही. ते आहे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर नावाच्या गावात, मेरीमॅक नदीकाठच्या जुन्या कापड गिरण्यांच्या आवारात! तिथली अमोस्केग कंपनी एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या कापड गिरण्यांत गणली जायची. 1930 च्या दशकात ती बुडाली आणि गाव बसलं. त्याच गावात 1992 साली एका शाळेच्या जिममध्ये 28 टीमची पहिली स्पर्धा झाली. पुढं व्याप वाढला, अंतिम फेरी अटलांटा, सेंट लुईस, ह्यूस्टन अशी फिरली. ऑफिस मात्र गिरणगावातच राहिलं.

दुसरी मोठी स्पर्धा 'व्हेक्स'. ती चालवणारी संस्था टेक्सासमधल्या ग्रीनव्हिलची. डॅलसजवळचं छोटं गाव, तेही एकेकाळचं कापसाच्या व्यापाराचं. अंतिम फेऱ्या लुइव्हिल, डॅलसला झाल्या, ऑफिस गावात.

आणि महाराष्ट्राचं मँचेस्टर कुणाला म्हणतात? आपल्यालाच ना!

विरोधातलं बोलणंही ऐकून घेऊ. इथं विमानतळ नाही, तो कोल्हापूरला. रेल्वे हातकणंगल्याला. मोठी हॉटेलं नाहीत, पैसे देणाऱ्या कंपन्या पुण्या-मुंबईला. सगळं खरं आहे. पण हे सगळं लागतं ते अंतिम फेरीला, दोन-तीन दिवस. ती घ्या की पुण्याला! 2008 ला आशिया-पॅसिफिकची 'रोबोकॉन' बालेवाडीत झाली, विषय होता आपली दहीहंडी. 2014 ला परत पुण्यातच. तेव्हा आपल्या भागातली पोरं एका रात्रीत जाऊन बघू शकत होती. आता त्या स्पर्धेची देशपातळीची फेरी दिल्लीला असते. दिल्लीवर राग नाही, पण जागा लांब गेली की बघणारी पोरं कमी होतात. आणि ज्यानं बघितलंच नाही, तो बनवणार काय?

अजून एक खरं सांगतो. मँचेस्टर काही कुठल्या समितीनं निवडलं नव्हतं. केमेन यांची कंपनीच तिथं होती, म्हणून संस्था तिथं. गावात माणूस होता, जागा होती, ऑफिस आपोआप आलं. म्हणजे "आम्हाला मुख्यालय द्या" म्हणून निवेदन देऊन, फोटो काढून काही होणार नाही. आधी इथं काहीतरी चालू दिसलं पाहिजे.

आपल्याकडं काय आहे? 1904 साली इथं पहिला यंत्रमाग आला. तेव्हापासून यंत्र उघडून दुरुस्त करणारी माणसं इथल्या गल्लीगल्लीत आहेत. राजवाड्यात इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आणि वाईट वाटतं, पण माग भंगारात गेल्यामुळं रिकाम्या पडलेल्या शेडही आहेत. शाळकरी स्पर्धेचं मैदान असतं बारा फूट बाय बारा फूट. दोन-तीन माग मावतील एवढी जागा!

म्हणून माझं मागणं छोटं आहे. एक बंद शेड, शनिवार-रविवार उघडी. आत एक सरावाचं मैदान. इचलकरंजीसह हातकणंगले, शिरोळच्या कुठल्याही शाळेच्या पोरांनी यावं, विचारावं, चालवून बघावं. हे वर्षभर नीट चाललं, तर कुठल्याही आयोजकाला "विभागीय ऑफिस इथं करा" असं तोंड वर करून सांगता येईल.

मी स्वतः आजवर अशा बातमीला एका कॉलमच्या वर जागा दिली नाही, हेही कबूल करतो.

नियमांचं मराठी मी करून देतो, दुरुस्ती निघाली की त्याच दिवशी. जॉबर रविवारी यायला तयार आहे, पोरं तर कालपासूनच विचारतायत.

शेड कोण देतंय? कमेंटमध्ये नाही सांगायचं तर इनबॉक्स करा.