काडीचा ब्रश, संगणकाचा ब्रश

आमच्या वाणगावापासून गंजाड फार दूर नाही. तिथल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्राचा ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी; रंग तांदळाच्या पिठाचा.

विहारातली मुले जयंतीचे फलक आता संगणकावर काढतात. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट, त्यामुळे वर्गणीला हात लागत नाही. पण त्यातल्या तयार ब्रशची रेघ आम्हाला फार गुळगुळीत वाटली. म्हणून काडी काळ्या शाईत बुडवून पांढऱ्या कागदावर ठिपका उठवला, फोटो काढला आणि क्रिटात ब्रशचे टोक म्हणून घातला. काळे तेवढे उमटते, पांढरे गळते. ठिपक्यांतले अंतर कमी केले तशी रेघ सलग झाली; प्रत्येक ठिपका थोडा फिरवला, तेव्हा ती हाताची वाटू लागली.

एक कार्यकर्ता म्हणाला, "दादा, आता वारली चित्रेच छापून विकू या." आम्ही साफ नाही म्हटले. ती चित्रे वारली आयाबहिणींनी लग्नघरच्या भिंतींवर जपली. आपली लेणी कुणी न विचारता बळकावली तर आपल्याला काय वाटते?

मुलांनी या ब्रशने १९२७ चे चवदार तळे काढले. खडबडीत रेघेत पाणी फार छान उमटले.