डबा संपल्यावर

नागपूरहून निघताना आईने दशम्या, चिवडा आणि संत्राबर्फी असा भरगच्च डबा घेतला होता. "परमुलखात माझे मी बघेन," असा तिचा बाणा! पण जावा बेटावरची प्रांबाननची नवव्या शतकातली देवळे पाहून योग्याकार्ता शहरात परतलो, तेव्हा डबा संपला होता.

नाइलाजाने एका 'वारुंग'मध्ये शिरलो. वारुंग म्हणजे तिथली साधी खानावळ. पाठ केलेले दोनच शब्द मी उच्चारले: "तान्पा तरासी". म्हणजे, कोळंबीचे वाटण नको. अंडे नको, हे खुणेने सांगितले. मालकीणबाई हसल्या.

'गाडो-गाडो' आले: उकडलेल्या भाज्या, मोडाचे मूग आणि वर शेंगदाण्याचे दाट कालवण. आईने बोट लावून चाखले. "अगबाई, हे तर आपले दाण्याचे कूट!"

मग तळलेल्या खमंग वड्या आल्या, 'तेम्पे'. त्या तिने दोनदा मागून घेतल्या. कशाच्या म्हणून विचारले, तर सोयाबीनच्या! शिजवलेल्या दाण्यांना बुरशीचे विरजण लावून केळीच्या पानात दीड-दोन दिवस बांधून ठेवायचे.

आईचा हात थांबला. उमरेडकडच्या शेतात बाबांनी वर्षानुवर्षे सोयाबीन पेरले. पोती खळ्यावरून थेट बाजारात जात. घरात कधी मूठभर शिजले नाही.

"ह्यांना एकदा तरी करून घातले असते," ती हळूच म्हणाली.

यंदा दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघाले. आईने पायलीभर घरी ठेवून घेतले आहे.