'मंजुघोषे'ची प्रस्तावना आणि एक परिच्छेद

प्रबंध लिहिताना 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांची मी एका परिच्छेदात बोळवण केली होती. अद्भुतरम्य, अवास्तव, हरिभाऊपूर्व : एवढी विशेषणे त्या वेळी पुरेशी वाटली.

पुढे वर्गात 'मंजुघोषे'ची प्रस्तावना शिकविताना अडखळलो. आपल्या विवाहपद्धतीमुळे व इतर कारणांनी हिंदूंच्या नित्याच्या आयुष्यात चित्तवेधक असे काही सापडत नाही, म्हणून मनोरंजनासाठी अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा नारो सदाशिव रिसबूड यांचा युक्तिवाद आहे. प्रणयापूर्वीच लग्न उरकणाऱ्या समाजात प्रणयकथा घडणार तरी कोठे? 'यमुनापर्यटन' (१८५७) समाजाकडे वळली, ती विधवांच्या दुःखापाशी. प्रीतीला मात्र राजवाडाच गाठावा लागला. त्या राजवाड्याची अवास्तवता हीच मग तत्कालीन घराविषयीची साक्ष ठरते.

माझ्या आजीचे लग्न तेराव्या वर्षी झाले. राजकन्यांच्या कथा ती दुपारी, माजघरात, दाराकडे पाठ करून वाची. मी त्याला 'पलायनवाद' म्हणत असे, तेही तिच्यासमोर. (प्रबंधातही हाच शब्द आहे.) ती काही न बोलता पान उलटी. ती आता नाही. परिच्छेद मात्र छापलेला आहे.