बावीस पावलं

परभणी, दवाखान्यातला सहावा दिवस. मायचा ताप उतरला, पण आज पलंगावरून उठताना पाय लटपटले. जन्मभर रानात राबलेले पाय! 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. पायांचे स्नायू जवळजवळ 1 किलोनं घटले. माय तर आजारी. आणि आम्ही मायेपोटी तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हतो.

रात्री ती मला मामाच्या नावानं हाक मारते. डॉक्टर म्हणाले, चष्मा लावा, दिवसा खिडकी उघडा, वार-वेळ सांगत राहा.

संध्याकाळी व्हरांड्यात चाललो. 22 पावलं. मधेच थांबून तिनं विचारलं, "ज्वारी काढली का रं?"