दुसरं साउंड कार्ड कशासाठी?

सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशी घरं पुष्कळ. ताप्ती लाइनने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावकडची माणसं इथे आली, तशा त्यांच्या कॅसेटीही आल्या. कानबाईची गाणी, भजनं, लग्नात टेप केलेली अहिराणी गाणी. घरी टेप केलेल्या कॅसेटीची दुसरी प्रत बहुधा नसतेच, म्हणून त्या संगणकात उतरवून घेणं निकडीचं आहे. त्यासाठी नवा संगणक घ्यायची गरज नाही. घरातल्या जुन्या पीसीत दुसरं साउंड कार्ड बसवावं आणि ते केवळ रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवावं, असं माझं मत आहे. दुसऱ्या कार्डाने आवाज सुधारतो म्हणून मी हे सांगत नाही. त्याने कामाची वाटणी होते, आणि कॅसेट उतरवताना खरी अडचण तिथेच असते.

आवाजाच्या दर्जाचं आधी पाहू. साध्या कॅसेटीत सर्वांत मोठा आवाज आणि टेपची सरसर यांत साधारण ५० ते ६० डेसिबलचं अंतर असतं. १६ बिटच्या रेकॉर्डिंगला सिद्धांताने ९६ डेसिबलपर्यंत जागा मिळते. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं कार्डही कॅसेटीच्या मानाने तोकडं नाही. रेकॉर्डिंग बिघडतं ते दुसऱ्या कारणांनी. डेकची वायर गुलाबी माइक जॅकमध्ये खोचली जाते. हा जॅक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतो, त्यामुळे डेकचा जोरकस सिग्नल तिथे फाटतो आणि बहुधा स्टिरिओही हरवतो. डेक निळ्या लाइन-इनलाच जोडायला हवा. आणखी एक कारण म्हणजे रेकॉर्डिंगची लेव्हल नीट लावून ठेवावी, तर आवाजी गप्पांचा एखादा प्रोग्रॅम ती परस्पर खालीवर करतो. स्रोत म्हणून ‘स्टिरिओ मिक्स’ निवडलेला असेल, तर विंडोजची टिंगटिंगही गाण्यात जाऊन बसते. घरातल्या सगळ्यांचं सगळं काम एकाच कार्डावर चालतं, तोवर या चुका पुन्हा पुन्हा होणारच.

कार्ड बसवणं अवघड नाही. पॉवर कॉर्ड काढावी, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी, मागची पट्टी काढावी, कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवावं आणि स्क्रू आवळावा. ग्राफिक्स कार्डालगतचा स्लॉट शक्यतो सोडावा, कारण अनेक मदरबोर्डांवर त्या दोघांची इंटरप्ट लाइन एकच असते. पीसीआयच्या आधी, आयएसए स्लॉटच्या काळात, साउंड ब्लास्टर कार्ड पोर्ट २२०, आयआरक्यू ५ आणि डीएमए १ अडवून बसे, आणि दुसऱ्या कार्डाला जंपर हलवून वेगळा पत्ता द्यावा लागे. पीसीआयमध्ये ही वाटणी बायोस आणि विंडोज करतात. फसगत होते ती बायोसमध्ये. तिथे ऑनबोर्ड ऑडिओ ‘ऑटो’वर असेल, तर काही मदरबोर्ड नवं कार्ड दिसताच जुनं बंद करतात. दोन्ही हवी असतील तर ‘एनेबल्ड’ निवडावं. मग विंडोज एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ऐकण्यासाठी ऑनबोर्ड ऑडिओ आणि रेकॉर्डिंगसाठी नवं कार्ड ठरवून द्यावं.

यावर आक्षेप येतो, की यूएसबीचं इवलंसं कार्ड असताना पेटी उघडायची कशाला? लाइन-इन असलेलं यूएसबी कार्ड खुशाल घ्यावं, काम तेच होईल. पण बाजारातल्या अगदी स्वस्त कार्डांना बहुधा नुसता मोनो माइक जॅक असतो, म्हणजे मूळ दुखणं कायम राहतं. दुसरा आक्षेप एक्सपीच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो रास्त आहे. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार थांबवला. म्हणून असा पीसी इंटरनेटला जोडू नये, फाइली पेन ड्राइव्हने हलवाव्यात. ४४.१ किलोहर्ट्झच्या १६ बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे तासाभराची कॅसेट ६०० एमबीच्या आसपास जाते. जुन्या हार्ड डिस्कलाही हे झेपतं.

उलट, दुसऱ्या कार्डाकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. दोन कार्डं जोडून चार ट्रॅक एकत्र रेकॉर्ड करू, असं कुणी म्हणेल. पण प्रत्येक कार्डाचं घड्याळ आपापल्या क्रिस्टलवर चालतं. दोघांत दहा लाखांत १०० भागांचा फरक धरला, तरी तासाभरात ०.३६ सेकंदाची तफावत पडते, आणि ती कानाला स्पष्ट कळते. गुणगुणीवरही कार्ड हा उपाय नाही. डेक आणि पीसी वेगवेगळ्या सॉकेटवर असले, की अर्थिंगमधल्या फरकामुळे ५० हर्ट्झची गुणगुण शिरू शकते. आजूबाजूला दिवसभर लूमच्या मोटरी चालणाऱ्या उधन्यात तर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून, नीट अर्थिंग तपासूनच बसावं. डेकचं हेड मळलेलं असेल तर कोणतंही कार्ड ते धुऊन देणार नाही.

तेव्हा ज्याच्याकडे दोनचारच कॅसेटी आहेत आणि पीसीला चांगलं लाइन-इन आहे, त्याने कार्डावर पैसे घालू नयेत. ते काम चालू असताना पीसीला दुसरं कोणी हात लावणार नाही, एवढं पाहिलं तरी पुरे. ज्याच्या कपाटात पेटीभर कॅसेटी आहेत आणि पीसी घरभर वापरला जातो, त्याने मात्र एक कार्ड या एकाच कामाला लावावं. एकदा ठरवलेली लेव्हल शेवटच्या कॅसेटीपर्यंत तशीच राहणं, हाच त्या खर्चाचा मोबदला.