सांदवाडी गेली, कोंबड्या राहिल्या

शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी. मिहानसाठी या गावांची वावरं गेली. वावरासोबत सांदवाडी गेली, अन् सांदवाडीतला उकिरडाही गेला.

मायच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडत. विष्ठा जागोजाग पडे, ऊन-माती तिचा निकाल लावी. रात्रीची खुराड्यातली तेवढी सकाळी उकिरड्यावर जाई अन् शेणकचऱ्यात मुरून मृगाआधी वावरात पडे. "कोंबडीचं खत गरम असते, ताजं टाकलं की पऱ्हाटी जळते," असं माय सांगे. नत्र, अमोनिया हे शब्द तिला ठाऊक नव्हते. गोष्ट मात्र तीच.

पुनर्वसनाच्या प्लॉटवर तिनं २० कोंबड्या आणल्या. एक कोंबडी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते. म्हणजे रोजची दोन किलो, महिन्याची साठ. हिंडायला जागा नाही, घराला घर लागून. पहिल्याच पावसाळ्यात वास सुटला, माशा घोंगावल्या. शेजारीण म्हणाली, "मावशी, कोंबड्या तरी ठेवा, नाही तर शेजार तरी." वासापेक्षा मोठी भीती पाण्याची होती. विष्ठेतलं नत्र मातीत नायट्रेट होऊन विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त झालं तर तान्ह्या लेकराला बाधते.

कोंबड्या विकायला माय तयार नव्हती. हाती येणारा तेवढाच पैसा तिचा स्वतःचा होता. मग खुराड्यात कुटाराचा चार बोटं थर आला. ओला झाला की वरून कोरडं टाकायचं. काढलेला थर पत्र्याखाली, विटांच्या हौदात: एक टोपलं विष्ठा, दोन-तीन टोपली कुटार अन् पालापाचोळा. ओल इतकीच, की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. ढीग आतून असा तापतो की हात ठेववत नाही. त्या आचेनं रोगजंतू मरतात. पंधरा दिवसांनी खालवर करायचा. तीन-चार महिन्यांत वास जाऊन काळं, भुसभुशीत खत होते.

मेलेली कोंबडी उघड्यावर टाकायची नाही, हा इथला दुसरा धडा. घाणीवर घारी जमतात, अन् डोक्यावरून विमानं जातात. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पाखरं जमतील अशी घाण टाकायला १९३७ च्या विमान नियमांतच बंदी आहे. राणीखेतनं चार कोंबड्या मेल्या तेव्हा मायनं बोअरपासून लांब खोल खड्डा केला, चुना टाकला अन् बुजवला.

आता खत तयार होते, पण टाकायला आपलं वावर नाही. एक पोतं शेजारणीच्या वांग्यांना जाते. बाकीचं एक संत्रावाला येऊन नेतो. पैसे माय लुगड्याच्या गाठीला बांधते.