इंदूरचा कर्नल

कर्नल म्हटलं की आमच्या कचेरीत सगळ्यांना लष्करातला माणूसच आठवतो. संगणकातला कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, सगळं त्याच्या हातून जातं. आणि लाइव्ह डिस्क म्हणजे यंत्रातल्या हार्ड डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणारी आख्खी प्रणाली. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली काढलेल्या नॉपिक्समुळे ती लोकांना ठाऊक झाली.

इंदूरला ताईकडे भावोजींचा जुना संगणक आहे. भावोजी गेले, विंडोज बसली, आणि त्यांनी टाइप केलेल्या जुन्या इंदूरच्या आठवणी आतच राहिल्या. डिस्क बाहेर काढायला ताईची सक्त मनाई. "यातलं एक अक्षर गेलं तर माझ्याशी गाठ आहे," असं तिनं मुलाला बजावलेलं. म्हणून लाइव्ह डिस्क. मेमरी जेमतेम २५६ एमबी, तयार कर्नल तिथं जड जायचा. भाच्यानं डेबियन १२ घेऊन नको ते वगळत स्वतःचा कर्नल बांधला. मी रजेवर गेलेलो. पडद्यावरचा प्रत्येक संदेश वहीत उतरवण्याचं काम माझ्याकडे. (कारकुनाला दुसरं काय देणार?)

पहिली सीडी काळ्या पडद्यावर 'इनिट्रॅमएफएस' एवढं लिहून थांबली. म्हणजे कर्नल जागा झाला, पण पुढची फाइलप्रणाली त्याला मिळाली नाही. त्या कर्सरपुढेच विचारता येतं: चालू कर्नल कोणता, मॉड्यूल्सच्या फोल्डरचं नाव काय? दोन्ही नावं वेगळी! कर्नल नवा, पण त्याची शिदोरी, म्हणजे इनिट्रडी, जुन्या कर्नलची. फाइलवरचा क्रमांक आवक नोंदवहीशी जुळला नाही तर कागद हलत नाही, तसंच हे. नव्या कर्नलसाठी इनिट्रडी पुन्हा तयार करून सीडीवरची बदलली.

दुसरी सीडी थोडी पुढे गेली. आता तक्रार अशी की, एक्सझेड पद्धतीनं दाबलेली फाइलप्रणाली चालत नाही. सगळी प्रणाली सीडीवर मावावी म्हणून ती स्क्वॉशएफएसमध्ये दाबून भरतात. स्क्वॉशएफएस २००९ पासून कर्नलमध्येच आहे, पण एक्सझेड उकलायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. काटछाटीत नेमका तोच गेलेला. मग भाच्यानं ओव्हरलेएफएसही तपासला; सीडीवर लिहिता येत नाही, म्हणून बदल मेमरीत ठेवणारा हा थर हवाच. डिसेंबर २०१४ मध्ये ३.१८ कर्नलबरोबर तो आत आला. त्याआधी लोक बाहेरून ठिगळं लावत.

तिसरी सीडी चालली. भावोजींची डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली, फाइल उघडली, तर रोमन अक्षरांचा नुसता कचरा. ताईचा चेहरा उतरला. पण हा घोळ माझ्या ओळखीचा होता: युनिकोडपूर्वीचा शिवाजी फाँट! तो विंडोजच्याच फाँट फोल्डरात मिळाला. भाच्यानं उचलून लावला.

"मामा, आता वाचा."

ताईनं मला बाजूला सारलं आणि चष्मा शोधायला लागली.